भन्तेंनी बांधलेला दोरा

बँकॉक, ५ एप्रिल २०२५

प्रेमानंद,

जयभीम. हा जयभीम रीतीचा आहे, मायेचा नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलं असशीलच. सक्करदऱ्यात तुझ्या-माझ्या दारात तीन गल्ल्यांचं अंतर, पण एकवीस वर्षांत एक शब्द नाही. अन् आता मी परदेशातून तुले पानंच्या पानं लिहून राहिलो. काहून? तुले जाळायले. फोन केला असता तर तू कापला असता. पण तू रिटायर मास्तर, लिहिलेला कागद वाचल्याबिगर फेकणं तुझ्या जिवावर येते. लहानपणापासून ओळखतो तुले.

माझी नंदिनी दोन वर्षांपासून इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं तिकीट धाडलं. म्हणाली, "बाबा, कळमन्याच्या बाजारातल्या काट्यापलीकडं तुम्ही काही पाहिलं नाही, आता पाहा." तर तीन आठवड्यांसाठी आलो. चाळीस वर्षं मापारी म्हणून दुसऱ्याची संत्री तोलली, अन् पेटीत अंथरलेल्या जुन्या पेपरावर अक्षरं लावत वाचायले शिकलो. तू हसायचास, "लहानू, तुझं सगळं ज्ञान आठ दिवस शिळं असते गा!" घे मग, आज ताजं देतो.

हा बुद्धाचा देश आहे, प्रेमानंदा. गल्लीगल्लीत विहार. मी विमानात छाती फुगवून बसलो होतो, आपल्या माणसांत चाललो म्हणून. तर विमानतळावरच दात बाहेर आलेले, हातात गदा घेतलेले, ताडाएवढे राक्षस उभे! म्हटलं, नंदे, चुकीच्या देशात तर नाही उतरलो? ती म्हणाली, "बाबा, ते राखणदार आहेत, चाला."

इथं लोक भेटले की हात जोडून वाकतात. मले वाटलं, आपलीच रीत. मी लिफ्टमध्ये दिसेल त्याले वाकून नमस्कार घातला. एका सात-आठ वर्षांच्या पोरीलेही घातला, तर तिच्या आईनं तिले मागं ओढलं. नंदिनीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "मोठ्यानं लहानाले आधी वाकून नमस्कार केला तर लहानाचं आयुष्य घटते म्हणतात इथं." आल्याआल्या मी एका लेकराचं आयुष्य कापलं! पण मग मनात आलं, तू माझ्याहून सव्वा वर्षानं लहान आहेस. हे आधी माहीत असतं तर एकवीस वर्षं रोज सकाळी तुझ्या फाटकाशी येऊन वाकलो असतो.

अन् काल काय झालं ते ऐक. एप्रिलचं ऊन, बाहेरून येऊन राहिलो होतो, घशाले कोरड. आमच्या इमारतीपुढं खांबावर एक सोनेरी घरकुल आहे, चिमण्यांसाठी ठेवतो ना आपण, तसं. त्याच्यापुढं लाल शरबताची बाटली, झाकण काढलेलं, आत नळी खोचलेली. आपल्याकडं या दिवसांत चौकाचौकात प्याऊ लागते, चौदा एप्रिलले तर चालत्या माणसाच्या हातात गिलास कोंबतात. मले वाटलं, मालक भला आहे, वाटसरूची सोय केली. घेतली बाटली अन् नळी बाजूले ठेवून गटागटा संपवली. वरून घरकुलाले हात जोडले.

चौकीदार जो ओरडला! घरमालकीण धावत आली. तिचं नाव पा नोई. पा म्हणजे मावशी, नोई म्हणजे लहान. म्हणजे तीही लहानूच. सत्तरीची असेल, खाली किराणा दुकान चालवते. तिनं दोन्ही हात गालावर ठेवले अन् नंदिनीले फोन लावून खाली बोलावलं. ती बाटली त्या जागेच्या मालकाची होती म्हणे. मालक म्हणजे जिवंत माणूस नाही. जमिनीत राहणारा, न दिसणारा.

प्रेमानंदा, मी भुताचं शरबत पिलो.

पा नोईनं लगेच दोन नव्या बाटल्या ठेवल्या, अगरबत्ती लावली अन् त्या घरकुलाले समजावलं. नंदिनी हसून हसून खाली बसली. म्हणाली, "ती सांगून राहिली, हा म्हातारा परदेशी आहे, याले कळत नाही, रागावू नका."

आता मुद्द्यावर येतो. ही पा नोई जन्माची बौद्ध. रोज पहाटे चीवर घातलेल्या भन्तेंच्या पात्रात भात वाढते. अन् तिच्या दारात भुताचं घर आहे. सांग मास्तर, हिले कोणत्या समितीतून काढशील?

नंदिनीच्या आईले, माझ्या सरिताले, तू काढलं होतं. वर्षावासातला रविवार, दोन हजार चार साल. बायकांची वंदना ती घेत होती, हात जोडले अन् बाही घसरली. मनगटावर काळा दोरा दिसला. तू तेव्हा विहार समितीचा नवा नवा सचिव. वंदना संपल्यावर माईक हातात घेतला अन् भर सभेत विचारलं, "सरिताबाई, हे काय? कोणी बांधलं?" अन् पुढच्या रविवारपासून तिनं वंदना घ्यायची नाही असं सांगितलं. पुढं चार वर्षं जगली ती. त्या चार वर्षांत विहाराची पायरी चढली नाही. वंदना घरी म्हणायची, भांडी घासताना, ओठातल्या ओठात.

दोरा कुठून आला, कोणी बांधला, ते सोड. ते आता महत्त्वाचं नाही.

महत्त्वाचं हे, की मी एकेक गोष्ट पाहून ठेवून राहिलो. बारा मेले बुद्धपौर्णिमा आहे. तोवर मी परत येतो. तयार राह.

लहानू


बँकॉक, ९ एप्रिल

प्रेमानंद,

पहिलं पत्र पोस्टात टाकलं तेव्हा तिथल्या पोरीनं हात जोडले. मी नुसती मान हलवली. शिकलो मी.

आज पा नोई आम्हा दोघांले तिच्या विहारात घेऊन गेली. बुद्धमूर्ती अशी, की पाहतापाहता मान दुखावी. मांडी घालून बसलो. तुले माझा उजवा गुडघा माहीत आहे, पेटीखाली सापडला होता तो. दहा मिनिटांत ठणकायले लागला, म्हणून पाय लांब केला. मागं बायकांची कुजबुज सुरू. एक म्हातारी गुडघ्यांवर सरकत सरकत आली, माझा पाय दोन्ही हातांनी उचलला, अन् झोपलेल्या लेकराचा पाय सरकवावा तसा बाजूले करून ठेवला. बुद्धाकडं तळपाय करायचा नाही इथं. रागावली नाही. हसली अन् कुठून तरी उशी आणून माझ्या गुडघ्याखाली दिली. माझी मान खाली जाऊ दिली नाही.

चूक दाखवायची ही एक रीत. तुले तर माईक लागला होता.

पुढं ऐक. बाजूले लोक बांबूचा डबा खुळखुळवत बसले होते. डब्यात आकडे लिहिलेल्या काड्या. हलवता हलवता एक काडी खाली पडते, त्या आकड्याचा कागद भिंतीवरून काढायचा, त्यात नशीब लिहिलेलं. टाय लावलेला एक साहेब डोळे मिटून असा मन लावून खुळखुळवत होता, जसा भेळवाला डबा हलवून मुरमुरे कालवते. त्याले वाईट कागद आला असावा, त्यानं घडी करून तो परत ठेवला अन् दुसऱ्यांदा खुळखुळवलं! म्हणजे नशीब पसंत नाही पडलं तर बदलून भेटते.

पा नोईनं डबा माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "नाही बाई. छप्पन साली माझ्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो." नंदिनीनं तिच्या भाषेत सांगितलं. पा नोईनं डबा तसाच धरून काही म्हटलं. नंदिनी म्हणाली, "ती म्हणते, बरं, मग कागद वाचू नका, नुसतं हलवा. आवाज चांगला येते."

अन् आता बस, प्रेमानंदा. पाणी पिऊन घे. पुढचं उभ्यानं वाचू नको.

एक वयोवृद्ध भन्ते बसले होते, कानाले यंत्र लावलेलं. पा नोईनं मले पुढं ढकललं. भन्तेंनी माझा उजवा हात हातात घेतला अन् मनगटाले पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारली. तोंडानं पाली चालू. कान देऊन ऐकलं तर शब्द आपलेच! भवतु सब्ब मंगलं. नंदिनी बाईमाणूस, म्हणून तिच्या हाताले स्पर्श केला नाही, वरूनच दोरा तिच्या ओंजळीत सोडला.

दोरा! भन्तेंनी! बुद्धापुढं बसून!

मले त्या जागी हसू फुटलं अन् डोळ्यांतून पाणीही आलं. भन्तेंले वाटलं, म्हातारा भाविक आहे. त्यांनी आणखी एक गाठ मारली.

नंदिनीले सांगून फोटो काढून घेतले, समोरून, बाजूनं, गाठ दिसेल असा. ती म्हणाली, "एवढे फोटो काहून बाबा?" म्हटलं, "गावात दाखवायले." आता माझा बेत सांगतो, लपवत नाही, कारण तुझी झोप उडाली पाहिजे. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाले मी माईकपुढं उभा राहणार, हाच दोरा मनगटावर ठेवून. तू अध्यक्ष, मधल्या खुर्चीत. बाही वर करीन अन् तुलेच विचारीन, "अध्यक्ष महाशय, हा भन्तेंनी बांधला. मले काढता की भन्तेंले?" तुझ्या तोंडचं पाणी पळालेलं साऱ्या बस्तीनं पाहिलं पाहिजे. बायकांले पुढं बसवीन मी. ज्या बायकांपुढं माझ्या सरिताची मान खाली गेली, त्यांच्यापुढंच तुझी जाईल.

वाटेत नंदिनीनं विचारलं, "आईनं तो काळा दोरा कुठून आणला होता बाबा?"

मी म्हटलं, "ऊन लागून राहिलं, चाल लवकर."

जळ, प्रेमानंदा. पण बीपीची गोळी घेऊन जळ. तुले काही झालं तर मी जाब कोणाले विचारू?

लहानू


बँकॉक, १४ एप्रिल, संध्याकाळ

प्रेमानंद,

जयंतीचा जयभीम. हा मात्र मनापासून, कारण हा तुझ्या बापाचा नाही, साऱ्यांचा आहे.

सकाळी अंघोळ करून पांढरा कडक इस्त्रीचा सदरा घातला, निळा बिल्ला लावला. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, दोन मेणबत्त्या, नंदिनीनं आणलेला जुईचा हार. दोघांनी वंदना घेतली. मग मी मिठाई आणायले म्हणून एकटाच खाली उतरलो.

फाटकाबाहेर पाऊल टाकलं अन् बादलीभर पाणी तोंडावर! बर्फाचं! पुसून पाहतो तर समोर ऐंशी वर्षांची म्हातारी, नातवंडांच्या मधोमध पाईप धरून उभी. मी ओरडलो, "अरे बाई, आज जयंती आहे!" तिले वाटलं मी आणखी मागून राहिलो. दुसऱ्या बाजूनं पिचकाऱ्या सुटल्या. एका तरुणानं मोठ्या अदबीनं माझा चष्मा काढला, दोन्ही गालांले पांढरं गंध फासलं, चष्मा परत लावला, हात जोडले अन् मग डोक्यावर बादली ओतली.

त्यांचं नवं वर्ष आहे म्हणे, तीन दिवस चालते. चौदा एप्रिल नेमका मधला. ट्रकवर गाणी, रस्ताभर माणसं, पोलीसही भिजलेले. डोळे मिटले तर वाटावं, आपल्या चौकातली मिरवणूक आहे. मग मीही म्हटलं, होऊन जाऊ दे! नाचलो मी, प्रेमानंदा. गुडघा-बिडघा विसरून नाचलो. तूही यायले पाहिजे होतं. म्हणजे, भिजायले, मजेत नाही.

दुपारी पा नोईनं घरी बोलावलं. तिच्या दिवाणखान्यात म्हाताऱ्यांच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, एका खुर्चीवर मले बसवलं. तिची पोरं, सुना, नातवंडं एकेक करून येत, खाली गुडघे टेकत अन् चांदीच्या वाटीतून फुलं घातलेलं पाणी आमच्या ओंजळीवर सोडत. सोडताना काही पुटपुटत. नंदिनी कानाशी सांगत होती: "वर्षभरात मनानं, बोलण्यानं, हातानं काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणतात. मग मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा."

पाच-सहा अनोळखी लोकांनी माझी माफी मागितली. मी मराठीतून आशीर्वाद वाटले. मनात तुझाच हिशोब चालू. म्हटलं, पाहा गा, ज्यांनी माझं काडीचं बिघडवलं नाही ते गुडघ्यावर आहेत, अन् ज्यानं बिघडवलं तो सक्करदऱ्यात अध्यक्ष होऊन बसला आहे.

मग पा नोईनं वाटी नंदिनीच्या हाती दिली.

माझी लेक माझ्यापुढं गुडघ्यावर बसली. पाणी सोडलं अन् म्हणाली, "बाबा, माफी तर मले आईची मागायची आहे, पण ती नाही, तर तुमच्या हातावर मागते. त्या सभेनंतर शाळेत पोरी मले 'दोरेवाली' म्हणायच्या. मी घरी येऊन आईले म्हटलं, तुनं माझी इज्जत घालवली, अडाणी आहेस तू. बारा वर्षांची होती मी. ती काहीच नाही बोलली बाबा. नुसती माझी वेणी घालत राहिली."

सगळे थांबले होते. मी आशीर्वाद द्यायचा होता.

मी म्हटलं, "सुखी राह."

बस. आज एवढंच.

लहानू


बँकॉक, १७ एप्रिल

प्रेमानंद,

हे पत्र तू फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तो काळा दोरा मी बांधला होता.

सरिताचा ताप तीन महिने हटून नव्हता राहिला, आठवते ना? मेडिकलमधून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण दोन आठवड्यांत फरक दिसेना अन् माझा जीव घाबरला. कळमन्यात एका अडत्यानं सांगितलं, वाडीले गोडाऊनच्या मागं एक माणूस दोरा भारून देते, ट्रकवाले सगळे नेतात. मी सायकल काढली अन् गेलो. आपल्या वस्तीतल्या कोणाले दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं गेलो, म्हणजे तेव्हाही मले माहीत होतं मी काय करून राहिलो.

सरिता म्हणाली, "हे आपल्यात नाही वं... नाही जी, मले नको." तापात ती मलेच 'वं' म्हणून गेली, शेजारणीशी बोलावं तसं. मी हातापाया पडलो. तेव्हा तिनं मनगट पुढं केलं. म्हणाली, "तुमच्या जिवाले बरं वाटत असेल तर बांधा."

अन् सभेत तू विचारलं, कोणी बांधलं? तिनं पुरुषांच्या बाजूले पाहिलं. माझ्याकडं. मी सतरंजीकडं पाहून राहिलो होतो. त्या सतरंजीवर निळे-लाल पट्टे होते, एक पट्टा उसवला होता, एवढं मले आज एकवीस वर्षांनी पाठ आहे. मग तिचा आवाज आला, "मीच."

घरी आल्यावर तिनं कात्रीनं दोरा कापला अन् चुलीत टाकला. मले एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवशीही नाही, पुढं चार वर्षं नाही. ताप गोळ्यांनी गेला, पुढच्या दोन महिन्यांत. ती गेली ते हृदयानं, ते तुले माहीत आहे. तू मयतीले आला होतास, मी तुझ्याकडं पाठ केली होती. सगळे म्हणाले, लहानूचा स्वाभिमान पाहा. स्वाभिमान कसला! तुझ्यावर राग धरला की मले माझ्याकडं पाहावं लागत नव्हतं. एकवीस वर्षं पुरला तो राग, एवढा टिकाऊ माल मी कळमन्यात पाहिला नाही.

परवा सकाळी नंदिनी चहा गाळून राहिली होती तेव्हा तिले सगळं सांगितलं. गाळणी हातातच राहिली. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. "पाणी सोडलं तेव्हा सांगता आलं नाही तुम्हाले?" पर्स उचलली अन् बाहेर निघून गेली. दोन दिवस घरात तीनच शब्द: जेवा, गोळी, झोपा. पा नोईले भाषा समजत नाही, पण घरातलं समजते. वर येऊन भाताचं भांडं ठेवून गेली.

आज नंदिनी समोर बसली. मले वाटलं रडेल, मी समजूत घालीन, अन् दोघं मोकळे होऊ. नाही रडली. आईवर गेली आहे. म्हणाली, "बाबा, मले सांगून काय होते? आईले अडाणी मी घरात म्हटलं होतं, ते मी पाहीन. तुम्ही तिथं सांगा जिथं तिले विचारलं होतं."

म्हणजे माईकवर.

तुझा सूड घ्यायले निघालो तर रांगेत पहिला मीच उभा. पण खूश होऊ नको, रांगेत दुसरा तू आहेस. एक जाब अजून बाकी आहे. तू तिलेच काहून विचारलं? मी तुझ्यापासून चार हातांवर बसलो होतो. आपण एका ताटात जेवलेले. बाईच्या मनगटावर दोरा, म्हणजे बाईचीच अक्कल कमी, हे तू धरून चालला. नवऱ्याले विचारायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. बावीस प्रतिज्ञा तुले तोंडपाठ, अन् एवढं सुचलं नाही? की सुचलं होतं, अन् दोस्ताले वाचवलं? कोणतंही खरं असलं तरी मी तुले सोडणार नाही.

लहानू


सक्करदरा, नागपूर, १० मे

प्रेमानंद,

आलो परत. तीन गल्ल्यांवरून लिहून राहिलो. हे पाकीट मी पोस्टात न टाकता तुझ्या फाटकाच्या डब्यात टाकतो, म्हणजे वेळेवर भेटेल. आधीची चारही पोचली, पोस्टमनले विचारून घेतलं. तो म्हणाला, "मास्तर दारातच उभं राहून वाचतात." एकाचंही उत्तर नाही. पण काल दूध घ्यायले गेलो तर तू समोरून येत होतास, अन् रस्ता नाही बदललास. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मीच बदलला. घाबरलो, खरं सांगतो.

आपली नवी सचिव, मयुरा, घरी आली होती. सोन्यासारखी पोरगी. म्हणाली, "लहानूकाका, पौर्णिमेले तुम्ही थायलंडचे अनुभव सांगा. दहा मिनिटं. पोरांले मजा वाटली पाहिजे." मी हो म्हटलं. विहाराच्या बोर्डावर खडूनं नाव लिहिलं आहे माझं: विषय, परदेशातल्या गमती.

तर मी गमती सांगणार. भुताचं शरबत सांगणार, पिचकाऱ्या सांगणार, नशीब बदलून घेणारा साहेब सांगणार. हसवीन, पोट दुखेस्तोवर हसवीन. अन् सगळे हसून झाले, की सरिताचं सांगणार. नाव घेऊन. दोरा कोणी आणला, कोणी बांधला, कोण सतरंजीकडं पाहत बसलं, सगळं.

भन्तेंचा पांढरा दोरा मी तिथंच काढला, पा नोईच्या हाती दिला. तो दाखवून तुले हरवायचं होतं, ते रद्द. त्यांचा देश, त्यांची रीत, त्यांचं ते पाहून घेतील. दोऱ्यानं ताप जात नाही हा तुझा मुद्दा तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. मुद्दा बरोबर असणाऱ्या माणसानं माईक जरा जपून धरावा, एवढंच.

पण तुले माफ केलं असं समजू नको. इथं ओंजळीवर पाणी सोडायची रीत नाही, अन् असती तरी तुझ्या-माझ्या हातांनी ते व्हायचं नाही. ज्या बाईनं माफ करायचं ती गेली. तिच्या वाटणीची माफी आपण दोघांनी एकमेकांले वाटून घेणं, ही चोरी होईल.

मयुरा सांगून गेली, तुझी तब्येत बरी नाही, अध्यक्षांची खुर्ची या वर्षी शालिकरामजी सांभाळतील. मी ओळखतो तुझी तब्येत! चौथं पत्र वाचून बिघडली ती. घरी पडून राहशील अन् मी एकटाच उभा राहीन, असा बेत असेल. तसं होऊ देणार नाही.

सोमवारी, पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाच वाजता तुझ्या फाटकाशी येतो. आत येणार नाही, चहा विचारू नको, सुनेलेही सांगून ठेव. पांढरा सदरा घालून तयार राह, गोळी घेऊन राह. तू बाहेर येईस्तोवर मी हाक मारत राहीन, अन् माझा आवाज कळमन्यात कमावलेला आहे, हे तुझ्या शेजाऱ्यांलेही माहीत आहे. मग आपण दोघं चालत जाऊ, मागच्या गल्लीनं नाही, पुढच्या रस्त्यानं, आपल्या आयाबायांच्या ओट्यांपुढून. एकवीस वर्षांनी दोघांले सोबत पाहून त्या विचारतील, "काय जी, आज कोणीकडं?" उत्तर तू द्यायचं, सरिताचं नाव घेऊन. प्रत्येक ओट्यावर.

तुझी सजा तेवढीच. माझी तिथं पोचल्यावर सुरू होते.

लहानू